पत्ते बघण्याची परवानगी

अर्ज दोनच ओळींचा होता आणि त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. ‘जिन्याखालच्या खोलीत बसून मला पत्ते बघायचे आहेत. तरी परवानगी मिळावी, ही विनंती.’ खाली सही, घर क्रमांक आठ, तिसरा मजला. सहीच्या शेपटावर उकडलेल्या गाजराचा एक चिमुकला अंगठा उमटला होता. तो अर्जाचा भाग नव्हता. पण अकरा महिन्यांची लेक कडेवर घेऊन अर्ज लिहायला बसलं की सहअर्जदार आपोआप मिळतो.

बुधवारी सकाळी दहाला अर्ज समितीच्या पेटीत पडला. साडेदहाला दारावरची घंटा वाजली आणि दारात इमारतीचे सचिव स्वतः उभे. सचिव कुणाच्या दारी चालत आल्याची ही दुसरीच वेळ. पहिल्या वेळी गच्चीवरची टाकी फुटली होती.

“सूनबाई,” त्यांनी मागेपुढे बघत आवाज खाली आणला, “हे तुम्हांला कुणी सांगितलं?”

“कशाबद्दल म्हणताय काका?”

“पत्ते.”

“त्यात सांगायचं काय? पत्ते तिथं असतातच की. आजचे का आहेत? पहिल्यापासून आहेत.”

सचिवांचा चेहरा चुन्यासारखा झाला. “आणि तुम्ही... कोणाकोणाचे बघणार?”

“सगळ्यांचेच. कुणाचा कुठं आहे ते कळल्याशिवाय चोर कसा सापडणार?”

“चोर?” सचिव ताठ झाले. “हे बघा, वाटेल ते ऐकून घेईन, पण आमच्यात चोरून कुणी खेळत नाही! हुकूम लपवला असेल तर न्यायमूर्तींनी, तोही एकदाच, आणि त्यांनी माफी मागितली आहे!”

तेवढ्यात कडेवरच्या खारूताईनं (लेकीचं हे घरातलं नाव, हाताला लागेल ते गालात साठवायची तिला सवय होती) सचिवांच्या चष्म्याची दोरी ओढून तोंडात घातली.

मग उलगडा झाला. जिन्याखालच्या खोलीच्या दारावर ‘वाचनकक्ष’ अशी पाटी होती. रोज अकराला तीन निवृत्त गृहस्थ एकेक वर्तमानपत्र काखेत मारून तिथं शिरत आणि एकला बाहेर पडत. वर्तमानपत्रं जशी आत जात तशीच घडीसकट बाहेर येत, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. ‘इमारतीच्या सामाईक जागेत पत्ते खेळण्यास सक्त मनाई आहे’ या ठरावावर ज्यांची सही होती तेच सचिव त्या तिघांतले एक होते.

“काका, मी खेळायचे पत्ते नाही म्हणत. त्या खोलीत भिंतीवर इंटरनेटची पेटी आहे ना, स्विच? सगळ्या घरांच्या वायरी जिथं येतात ती. तिच्यात प्रत्येक घराच्या यंत्राचा पत्ता असतो. ॲड्रेस. तो तक्ता बघायचाय मला.”

सचिवांच्या चेहऱ्यावर रंग परत आला आणि रंगाबरोबर नियमही परत आले. चष्म्याची ओली दोरी खिशात कोंबून ते म्हणाले, “मग अर्जात तसं स्पष्ट हवं. लेखी द्या.”

आता हे पत्ते बघायची वेळ तिच्यावर का आली, तर त्याला कारण होता सोमवार.

बाळ व्हायच्या आधी ती एका कंपनीत नेटवर्कचं काम बघायची. पन्नास-पन्नास स्विच तिच्या हाताखाली नांदत असत. नंतर चौदा महिने ती घरी होती. या चौदा महिन्यांत तिला ‘आई’, ‘सूनबाई’, ‘अगं’ आणि ‘खारूची मम्मी’ अशा चार नावांनी लोकांनी हाका मारल्या आणि चारही तिला गोड लागल्या. पण पाचवं एक नाव होतं, तिचं स्वतःचं, ते वापराविना गंजत चाललंय असं तिला हल्ली वाटायला लागलं होतं. म्हणून तिनं एका नव्या कंपनीकडे अर्ज टाकला आणि सोमवारी अकराला मुलाखत ठरली, घरूनच, संगणकावर. वरून कुर्ता इस्त्रीचा, खालून घरातली मऊ विजार, आणि पलीकडच्या खोलीत सासूबाई नातीला मांडीवर दाबून बसलेल्या, अशा जय्यत तयारीत ती म्हणाली, “माझा सगळ्यात मोठा गुण म्हणजे—” आणि इंटरनेट गेलं.

गेलं ते दुपारी एक वाजताच आलं. तोवर मुलाखत घेणाऱ्या बाईंचं पत्र येऊन पडलं होतं: ‘शुक्रवारी साडेअकराला पुन्हा प्रयत्न करू. तेव्हाही जमलं नाही तर पुढच्या वर्षीच्या भरतीत पाहू. तुमचा मोठा गुण ऐकायची उत्सुकता आहे.’

घरात मोबाईलची रेंज फक्त न्हाणीघराच्या खिडकीत यायची, तीही एक पाय पालथ्या बादलीवर ठेवला तर. नवरा म्हणाला, “माझ्या ऑफिसच्या शेजारी कॉफीचं दुकान आहे, तिथं बस.” सल्ला सरळ होता, म्हणूनच तो तिला झोंबला. नेटवर्क सांभाळायची नोकरी मागायची आणि घरचं नेटवर्क बंद आहे म्हणून दुकानात जाऊन बसायचं! न्हाव्यानं आपली दाढी वाढलीय म्हणून शेजारच्या न्हाव्याकडे जावं, तसलाच प्रकार.

मंगळवारी मात्र स्वाभिमानाला खरी ठेच लागली. तळमजल्यावरच्या फलकावर सूचना झळकली:

‘सर्व रहिवाशांस कळविण्यात येते की, दोन दिवसांपासून सकाळी अकरा ते एक इंटरनेट बंद पडत आहे. तिसऱ्या मजल्यावरील एका बाळाची छायाचित्रे नातेवाइकांस अखंड पाठविली जात असल्याने असे होत असल्याचे समितीच्या निदर्शनास आले आहे. संबंधितांनी बाळाचे फोटो गरजेपुरतेच काढावेत.’

तिसऱ्या मजल्यावर तीन घरं आणि बाळ एकच. म्हणजे नाव न घेता नाव घेतलं होतं. सासूबाईंनी सूचना दोनदा वाचली आणि फलकासमोरच विचारलं, “गरजेपुरतं म्हणजे किती गं? हसली तर एक आणि रडली तर अर्धा?”

फलकामुळे सल्लागार जागे झाले. समोरच्या शिक्षिका म्हणाल्या, राउटर उंच जागी ठेवा, त्याला वारा लागतो. वरच्या मजल्यावरचे विमेवाले म्हणाले, ओल्या फडक्यानं पुसा, आमचा पंखा तसाच सुरू झाला. नवरा म्हणाला, “बंद करून परत चालू केलंस का?” हे वाक्य तिनं स्वतः नोकरीत हजार लोकांना ऐकवलं होतं. ते आपल्याला कुणी ऐकवलं की कसं वाटतं हे तिला त्या दिवशी कळलं, आणि त्या हजार जणांची तिनं मनातल्या मनात माफी मागितली.

मंगळवारी दुपारी खारूताई झोपल्यावर तिनं माळ्यावरच्या खोक्यातून निळी चपटी वायर काढली. स्विचच्या पाठीत एक खास भोक असतं. त्यात ही वायर घातली की इमारतभर इंटरनेट बंद असलं तरी स्विचशी थेट बोलता येतं. मागच्या दारानं स्वयंपाकघरात शिरण्यासारखंच ते.

“आणि बोलून काय विचारणार त्याला?” सासूबाईंनी मटार सोलता सोलता विचारलं.

“पत्ते. आई, हा स्विच म्हणजे एक टपालवाला समजा. त्याला कुणी काही सांगत नाही, तो आपला बघून बघून शिकतो. आठ नंबरच्या दारातून कुणी आवाज दिला की लिहून ठेवतो, हा पत्ता आठ नंबरात राहतो. मग त्या पत्त्यावर काही आलं की नेमकं आठच्याच दारात टाकतो. दुसऱ्यांना त्रास नाही.”

“शहाणा आहे. आणि कुणी आवाजच दिला नाही तर?”

“पाच मिनिटं थांबतो. मग खोडून टाकतो. विसरतो.”

“बराच धीर म्हणायचा,” सासूबाई म्हणाल्या, “तुझे सासरे हाक मारून पाच मिनिटं कधी थांबले नाहीत.”

ती हसली, पण ते ‘विसरतो’ तिला स्वतःलाच कुठंतरी टोचलं. स्विच पाच मिनिटांत विसरतो. तिनं तर चौदा महिने आवाज दिला नव्हता.

तर बुधवारी तो अर्ज गेला, परत आला, आणि ‘पत्ते’ या शब्दापुढे ‘(न खेळावयाचे)’ अशी दुरुस्ती होऊन पुन्हा गेला. गुरुवारी तो मंजूर झाला, तोही अटींसह. समितीचा एक सदस्य हजर हवा. वेळ दुपारी चारची. आणि तिसरी अट लाल शाईत: ‘फक्त बघावयाचे. कशासही हात लावू नये.’

“काका, हात न लावता टाईप कसं करायचं?”

“ते तुमच्या अर्जात नव्हतं,” सचिव म्हणाले.

गुरुवारी चारला एका हातात संगणक आणि दुसऱ्या हातावर खारूताई अशी ती जिन्याखाली पोचली. खोली छोटी, पण कमालीची टापटीप. मध्ये टेबल, चार खुर्च्या भिंतीला समांतर, कोपऱ्यात रहिवाशांना बातम्या वाचता याव्यात म्हणून गेल्या रविवारीच आणलेला आणि अजून कुणीही न उघडलेला एक संगणक. ही टापटीप होती नीटनेटके काकांची. त्यांचं खरं आडनाव इमारत केव्हाच विसरली होती. आयुष्यभर कारखान्याचे आराखडे काढलेला माणूस. पायपुसणं वाकडं दिसलं तर जिना चढताना परत खाली यायचा.

भिंतीवरच्या लोखंडी कपाटाला कुलूप होतं. किल्ली सचिवांच्या खिशात होती. पण स्विचचा पासवर्ड एका लाखबंद पाकिटात होता, पाकीट ‘अतिगोपनीय’ फायलीत आणि फाईल सचिवांच्या पलंगाखाली. पाकिटावर तीन सह्या आणि दोन शिक्के. सचिवांनी ते कात्रीनं एका बाजूनं, सरळ रेषेत, शस्त्रक्रिया करावी तसं कापलं. आत कागद होता. कागदावर एक ओळ होती.

‘पासवर्ड पूर्वीचाच.’

“पूर्वीचा म्हणजे कुठला?” तिनं विचारलं.

सचिवांनी कागद उलटा करून पाहिला, उजेडाकडे धरून पाहिला. “बसवणाऱ्यानं जे लिहिलं ते आम्ही सीलबंद केलं. आत काय आहे ते बघणं नियमात बसत नव्हतं.”

इमारतीचं नाव घालून झालं, बांधल्याचं साल घालून झालं. मग खारूताई पुढे झुकली आणि काहीच न लिहिता तिनं सगळ्यात मोठ्या बटणावर गाजराचा तळवा थापला. पडदा उघडला.

पूर्वी पासवर्डच नव्हता. तो अजूनही तोच होता.

पुढची आज्ञा आठवायला तिला एक क्षण लागला. खरं तर तोही लागला नाही. मन आठवतंय तोवर बोटांनी लिहून टाकलं होतं, शो मॅक ॲड्रेस-टेबल, म्हणजे पत्त्यांचा तक्ता दाखव. पडद्यावर ओळींमागून ओळी उतरल्या. प्रत्येक ओळीत एक पत्ता आणि त्याचं दार. बारा घरं, बारा दारं, तेराव्या दारातून बाहेरच्या जगाची वायर, चौदावं वाचनकक्षाचं, पंधराव्यापासून पुढची रिकामी. आठव्या दारात तिच्या घरचा राउटर, आपल्या जागी, गुणी बाळासारखा. तिला वाटलं, आपण जुन्या शाळेत गेलो आणि हजेरीपटावर अजून आपलं नाव आहे.

पण हजेरीपटात काही खोट नव्हती. सगळे आपापल्या घरी होते.

“बघितलेत पत्ते?” सचिवांनी घड्याळ पाहिलं. “मिळाला चोर?”

“नाही.”

“मग फलकावरची सूचना राहू दे ना?”

तिनं वायर गुंडाळली. जिना चढताना खारूताई तिच्या खांद्यावर मान टाकून झोपली आणि लेकीचं वजन तिला रोजच्यापेक्षा जास्त लागलं. दुसऱ्या मजल्यावर ती एकाएकी थांबली. चारला बघून काय उपयोग? चोर अकराला येतो. दुखतं तेव्हा न दाखवता बरं वाटल्यावर डॉक्टरकडे जाण्यासारखं झालं हे. उद्या अकरालाच बघायला हवं. आणि उद्या साडेअकराला मुलाखत. मध्ये तीस मिनिटं.

शुक्रवारी पावणेअकराला इस्त्रीचा कुर्ता घालून ती वाचनकक्षात हजर. मागोमाग नातीला घेऊन सासूबाई. सचिव दारातच आडवे झाले.

“आजची परवानगी कुठाय?”

“भावजी,” सासूबाईंनी नात दुसऱ्या कडेवर घेतली, “वाचनकक्षात वाचायला परवानगी लागते का? ती पडद्यावर वाचेल, तुम्ही पेपर वाचा. वाचताच ना तुम्ही? का मी सगळ्यांना बोलवून विचारू?”

सचिव बाजूला झाले.

अकराला नीटनेटके काका आले, मागून न्यायमूर्ती. न्यायमूर्ती म्हणजे तीस वर्षं कोर्टात कारकुनी केलेले गृहस्थ. पण निकाल इतके ऐकले होते की चहात साखर कमी असली तरी ते “सबळ पुरावा आहे” म्हणायचे. तिला बघून तिघांनी वर्तमानपत्रं उघडली. एकानं उलटं.

“काका, खेळा तुम्ही. मला काही दिसत नाही.”

हे ऐकल्यावर तीन खिशांतून थोडे थोडे पत्ते बाहेर आले. नीटनेटके काकांनी टेबल मध्ये सरकवलं, खुर्च्या लावल्या, खाली वाकून काहीतरी ठाकठीक केलं आणि हात झटकून पानं वाटायला घेतली.

अकरा वाजून सहा मिनिटांनी स्विचचे सगळे दिवे एकदम लागले आणि लुकलुकायचे थांबले. जिन्यात वरून शिक्षिकांचा आवाज आला, “गेलं गं बाई!”

तिनं आज्ञा दिली. स्विच धापा टाकत असल्यासारखा सावकाश उत्तर देत होता. आठव्या दारात तिचा राउटर नव्हता. तो होता चौदाव्या दारात. तिनं पुन्हा आज्ञा दिली. आता तो पंधराव्यात होता. पंधरावं तर काल रिकामं होतं! पुन्हा. चौदाव्यात. पुन्हा. पंधराव्यात. आणि तो एकटा नव्हता. समोरच्या शिक्षिका, वरचे विमेवाले, खुद्द सचिवांचं घर, आख्खी इमारत चौदा आणि पंधरा या दोन दारांमधून आतबाहेर धावत सुटली होती.

“सापडला,” ती पुटपुटली. “काका, चौदा आणि पंधरा नंबरच्या वायरी कुठं जातात?”

कुणाला माहीत नव्हतं. खारूताईला होतं. ती केव्हाच आजीच्या कडेवरून सटकून रांगत टेबलाखाली गेली होती आणि तिथून तिचा आनंदाचा चीत्कार आला. तिच्या पाठोपाठ इस्त्रीचा कुर्ताही टेबलाखाली गेला. भिंतीत दोन खाचा होत्या, शेजारी शेजारी: चौदा आणि पंधरा. खाली एक छोटी पेटी, न उघडलेल्या संगणकासाठी आणलेली. पेटीतून एक वायर चौदात गेली होती. आणि दुसरी, चांगली घट्ट खोचलेली, पंधरात.

“ही दुसरी कुणी लावली?”

“मी,” वरून नीटनेटके काका म्हणाले. आवाजात थोडा अभिमान होता. “रोज लावतो. तिचं टोक लोंबकळत असतं. पायात येतं, बरं दिसत नाही. म्हणून आलो की रिकाम्या भोकात खोचतो आणि जाताना होती तशी काढून ठेवतो. वस्तू जशी घेतली तशी ठेवावी.”

ती टेबलाखालून बाहेर आली. केसांना जाळं लागलं होतं, पण डोळे चमकत होते. “काका, इमारतीत एखादी बातमी सुटली आणि एका दारातून बाहेर जाऊन दुसऱ्या दारातून परत आली, तर आपल्याला वाटतं ना नवीनच आहे? मग आपण ती परत सगळ्यांना सांगतो. ती परत फिरून येते. तुमच्या वायरीनं तेच केलंय. एकच हाक या दारातून जाते, त्या दारातून येते, आणि स्विच बिचारा तीच तीच सगळ्या घरांना ओरडून सांगत बसतो. दुसऱ्या कुणाचं ऐकायला त्याला फुरसत कुठली?”

“म्हणजे... बाळाचे फोटो?” सचिवांनी विचारलं.

“निर्दोष,” न्यायमूर्ती म्हणाले.

नीटनेटके काकांच्या हातातली पानं गळून पडली, आणि त्यांनी ती उचललीही नाहीत. यावरून त्यांच्या दुःखाची कल्पना यावी. “मी? मी सगळ्यांचं... पोरी, तुझी सोमवारची मुलाखत माझ्यामुळे?”

“काका, वायरीमुळे.” तिनं घड्याळ पाहिलं. अकरा वाजून एकवीस मिनिटं. “नुसती वायर उपटली तर उद्या दुसरं कुणीतरी खोचेल. पंधरावं दारच बंद करते.”

“थांबा!” सचिवांनी तर्जनी वर केली. “हात लावायचा नाही असं ठरलंय. दार बंद करणं म्हणजे हात लावणं. त्याला ठराव लागेल, ठरावाला बैठक, बैठकीला सात दिवस आधी—”

“अंतरिम आदेश!” न्यायमूर्तींनी टेबलावर मूठ आपटली. तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या मुठी आपटताना बघितल्या होत्या. “अर्जदाराचं भरून न येणारं नुकसान होत असल्यानं दार तात्काळ बंद करावं. समितीचं म्हणणं नंतर ऐकू.”

सचिव ऑर्डरीपुढे कधीच उलट बोलले नव्हते. तिनं दोन ओळी टाईप केल्या. दुसऱ्या ओळीत एकच शब्द: शटडाऊन.

दिवे एक क्षण विझले, मग एकेक करून, शहाण्यासारखे लुकलुकू लागले. जिन्यातून आवाज आला, “आलं गं बाई!”

अकरा सत्तावीस. तीन मजले चढायचे, दम खायचा, वायर जोडायची... छे. तिनं संगणक तिथंच सोळाव्या, रिकाम्या दाराला जोडला, पानं एका बाजूला सारली आणि खुर्चीत बसली. बरोबर साडेअकराला पडद्यावर त्या बाई आल्या.

“नमस्कार. तुमच्या मागे तीन गृहस्थ रांगेत उभे आहेत.”

“साक्षीदार आहेत,” ती म्हणाली.

बाईंच्या ओठाचा कोपरा हलला. “गेल्या वेळी तुमचा सगळ्यात मोठा गुण राहिला. पण त्याआधी खरं सांगा, चौदा महिन्यांत या कामाशी शेवटचा संबंध कधी आला?”

“पाच मिनिटांपूर्वी.”

आणि तिनं आपला पडदा त्यांना दाखवला. पळणारे पत्ते, चौदावं दार, पंधरावं दार, बंद केलेलं दार. बोलताना तिला जाणवलं की आपण वाक्यं जुळवत नाही आहोत. ती आपली आपण येताहेत. बाई मध्येच म्हणाल्या, “हे रोखायची सोय स्विचमध्येच असते ना?”

“असते. बसवणाऱ्यानं कटकट नको म्हणून बंद ठेवली होती. आता तीही चालू करणार आहे.”

“आणि तुमचा उपाय टिकेल याची खात्री काय?”

नेमक्या त्याच वेळी नीटनेटके काकांची नजर खाली गेली. खारूताईनं पंधराव्या खाचेतली वायर उपटून चघळली होती आणि तिचं टोक जमिनीवर लोंबकळत होतं. काकांनी हात पाठीमागे बांधले. डोळे मिटले. पुन्हा उघडले. टोक तिथंच होतं. चाळीस वर्षांची सवय ती. वाकून, पुसून, त्यांनी टोक पंधरात खोचलं.

न्यायमूर्ती “अरे!” म्हणून ओरडले. सचिवांनी कपाळाला हात लावला. सासूबाईंनी नातीला उराशी धरलं. सगळ्यांनी पडद्याकडे बघितलं.

पडद्यावर बाई तशाच होत्या. पापणीसुद्धा हलत होती.

“ही त्याची चाचणी,” ती म्हणाली. ही चाचणी तिलाही आत्ताच कळली होती, पण ते पडद्यावर दिसत नव्हतं.

बाई आता उघड हसल्या. “सोमवारी सकाळपासून रुजू होता येईल? घरूनच चालेल. इंटरनेट बरं दिसतंय तुमचं.”

मग जिन्याखालच्या खोलीत जो गलका झाला त्यात न्यायमूर्तींनी सचिवांना मिठी मारली, आणि नीटनेटके काका डोळे पुसून रुमालाची चौकोनी घडी घालू लागले. ती मात्र पुन्हा पडद्याकडे वळली.

“आता काय राहिलं?” सचिवांनी विचारलं.

“सेव्ह करायचं. नुसतं केलेलं त्याच्या लक्षात राहत नाही. वीज गेली की सगळं विसरतो. लिहूनच द्यावं लागतं.”

सचिव कपाटाजवळ गेले आणि त्यांनी स्विचकडे पहिल्यांदाच आपल्या माणसाकडे बघावं तसं बघितलं. “म्हणजे यंत्रालाही लेखी लागतं?”

“हो काका.”

“हेच! हेच मी वीस वर्षं सांगतोय!”

सोमवारी फलकावरची जुनी सूचना निघाली आणि तिथं शिक्का मारलेली नवी लागली. ‘घर क्रमांक आठमधील सदस्येने परवानगीने पत्ते पाहिले. चोर कोणी नसून वायर असल्याचे आढळले. वाचनकक्षात वाचनाव्यतिरिक्तही बसण्यास समितीची हरकत नाही. बाळाचे फोटो कितीही काढावेत.’ खाली सचिवांची सही. आणि सही करताना कागद कुणाच्या पुढ्यात होता कोण जाणे, सहीच्या शेपटावर गाजराचा एक चिमुकला अंगठा.

त्या सकाळी अकराला सासूबाई वर्तमानपत्र काखेत मारून खाली गेल्या. डावाला चौथा भिडू कित्येक वर्षं मिळत नव्हता, तो मिळाला होता. पहिल्याच दिवशी त्यांनी सचिवांवर तीन डाव चढवले आणि न्यायमूर्तींनी लपवलेला हुकूम बाहीतून काढून टेबलावर ठेवला.

वर तिसऱ्या मजल्यावर नव्या कामाचा पहिला तास संपत आला होता. पलंगावर खारूताई झोपली होती, गालात काही नाही, मुठीत निळ्या वायरीचं टोक. तिनं हळूच फोन उचलला. घड्याळात बरोबर साडेअकरा वाजले होते. नातेवाइकांना तिनं फोटो पाठवायला सुरुवात केली: डावीकडून, उजवीकडून, नुसती मूठ, नुसत्या पापण्या. गरजेपेक्षा एकवीस जास्त. सगळे गेले.